तोंडी परीक्षेआधीची दृष्ट

एका हुशार मुलीच्या ॲडमिशनवर मी एकदा मूठभर लवंगी मिरच्या टाकल्या. तेव्हा मी काही नवी सून नव्हते, चांगली पंचेचाळिशीची बाई होते. अक्कल यायचं वय माझ्या दारावरून कधीच पुढं निघून गेलं होतं, मी बहुतेक आत चहा करत असणार.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. राजारामपुरीतल्या आमच्या घरी माडीवरच्या खोलीत एक अफगाण मुलगी भाड्यानं राहायची. काबूलला ती रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. पुढं तिथं मुलींच्या शिक्षणालाच कुलूप लागलं. जीव मुठीत धरून ती आपल्या देशात आसऱ्याला आली, पदवीची कागदं तिकडंच राहिली. कागदांशिवाय एम.एस्सी.ला कोण घेणार? शेवटी विभागाचे प्रमुख म्हणाले, "तोंडी परीक्षा घेतो. येत असेल तर बसशील वर्गात, नाहीतर माझाही नाइलाज." प्रवेशाची मुदत परीक्षेच्याच दिवशी संपत होती. म्हणजे एकच फेरी, कुस्तीसारखी.

आदल्या दिवसापासून पोरगी जेवेना. ती घाबरलीय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र निदान केलं, दृष्ट लागली! उंच, गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. ती दूध आणायला निघाली की गल्लीतल्या बायका भांडी घासायच्या थांबायच्या. मग लागणार नाही तर काय?

परीक्षेच्या सकाळी मी बंबातले निखारे घमेल्यात घेतले, तिला खाली बोलावून पाटावर बसवलं आणि मध्येच कुणी टोकायला नको म्हणून दार लावलं. मीठ, मोहरी, मिरच्या तिच्यावरून उतरवून टाकल्या. "आल्यागेल्याची, गल्लीतल्या बायांची, दूधवाल्याची..." दूधवाल्याचं नाव माझं मीच घातलं.

आता सगळ्यांना माहीत आहे, मिरच्यांचा ठसका उठला तर दृष्ट साधी. वासच आला नाही तर जबरदस्त. मी नाक वर करून हुंगलं. वास नाही. अजून चार मिरच्या टाकल्या. तरी नाही. डोळ्यांना पाणी आलं, ते मी तिच्या काळजीचं धरलं. माझ्या अंगावर काटाच आला. एवढी दृष्ट? अख्ख्या राजारामपुरीची? मग वर्षाच्या चटणीसाठी आणलेल्या लवंगीतली मूठभर उचलली आणि ओतली.

आदल्या दिवसापासून सर्दीनं माझं नाक चोंदलं होतं, हे तेवढ्यात आठवायला हवं होतं. पण माझ्या डोक्याला कधी काय वेळेवर आठवलंय?

मुलगी ओढणीत तोंड खुपसून बिचारी खोकला दाबत बसली होती. आमचे हे अंगाला साबण तसाच ठेवून पंचा गुंडाळून धावत आले, दार ढकललं आणि ओरडले, "अगं, पोरीची दृष्ट काढतीस का उंदरं मारतीस?" तेव्हा कुठं मला तिचे डोळे दिसले. पिकल्या टोमॅटोसारखे. पाण्याच्या धारा लागलेल्या, घसा बसलेला. तशीच रिक्षात बसून गेली. दुपारपर्यंत मी देवापुढं बसून नाक घासलं. नाक सुटलं तेही तेव्हाच!

ती परत आली, पायरीवर बसली आणि सांगायला लागली. मराठी तिला मीच शिकवलेली, त्यामुळं बोलणं जरा वरच्या पट्टीत. खोलीत पाऊल टाकताच एक वयस्कर सर म्हणाले होते, "बाळ, रडू नको. तुझ्यावर काय गुजरलंय ते आम्हाला कळतं. सोपंच विचारतो."

"मग?" मी म्हटलं.

"मी म्हटलं, सर, रडत न्हाय. मिरची हाय. सोपं विचारू नका."

सगळे हसले. एकानं विचारलं, "कुठली मिरची?" ही म्हणाली, "लवंगी." मग सर म्हणाले, "त्या मिरचीतलं नेमकं काय झोंबतं, ते फळ्यावर काढून दाखव." घसा बसलेला, तर हिनं खडूच हातात घेतला. मिरचीवरून सुरुवात झाली आणि सरांच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी फळा पुरेना.

"घेतलं की मला!" असं म्हणून ती हसली, खोकली, पुन्हा हसली. मला रडू आलं आणि ते मिरचीवर ढकलायचीही सोय उरली नव्हती. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर माझा हात धरून म्हणाली,

"काकू, आमच्यात बी दृष्ट काढत्यात. माझी आई बियांचा धूर करती, लई गोड वास येतोय. आता दोन वर्षं मी हितंच हाय, परीक्षा लई हाईत. पुढच्या खेपेला निखारे घ्यायच्या आधी नाक शिंकरा."