ऑर्लीनबाईंची डिकी

दोन दिवसांत ऑर्लीनबाईंनी मुलीच्या गाडीची डिकी सात वेळा उघडून बघितली होती. फावडं, घोंगड्या, लोकरीचे मोजे, उबेसाठी कॉफीच्या डब्यात बसवलेली मेणबत्ती, काडेपेटी, सगळं जागच्या जागी होतं. तरी जिवाला चैन नव्हती. टॅमी दोनशे किलोमीटरवरच्या इस्पितळात पहिल्यावहिल्या नोकरीला निघाली होती आणि कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या त्या उजाड रस्त्यावर हिमवादळात गाडी अडकली, तर मदत यायला सकाळही उजाडते.

"आई, नर्स म्हणून चाललेय मी, उत्तर ध्रुव शोधायला नाही!" टॅमी हसायची.

निघायच्या दिवशी बाई चॉकलेटं ठेवायला गेल्या, तर डिकी उघडेचना. रात्रीच्या पावसाचा बर्फ होऊन कुलूप गोठलं होतं. केस वाळवायच्या यंत्राने दोघींनी अर्धा तास ऊब दिली, तेव्हा कुठे ते सुटलं. बाईंनी एकेक वस्तू काढून मागच्या सीटवर रचायला घेतली.

"अगं, मग माझी बॅग कुठे ठेवू?"

"डिकीत. कपडे आत अडकले म्हणून कुणी गारठून मरत नाही."

टॅमी या वेळी हसली नाही. तिने फावडं उचललं आणि आपल्या हाताशी, पुढच्या सीटजवळ ठेवलं.