भिवाकाकांची एकुलती वेल

भिवाकाका भाजीच्या वेलीजवळ जाताना दोन्ही हात पाठीमागे घेऊन बोटं एकमेकांत घट्ट गुंतवायचे. काही दाखवायचं झालं तर हनुवटीनं दाखवायचे. शाळेवर बदली होऊन मी तोंडवलीजवळच्या त्यांच्या वाडीत आले आणि त्यांच्या घराचा अर्धा भाग भाड्यानं घेतला. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचे खांदे दुखत असावेत. मांडवावर एक कोवळं पडवळ लोंबत होतं. कौतुकानं मी त्याच्याकडे बोट केलं, तर काका किंचाळलेच. "अगो बोट कित्याक दाखयतंस! चाव, आधी ता बोट चाव!" परक्या गावात, परक्या परसात, एका निवृत्त एसटी ड्रायव्हरसमोर उभी राहून मी माझं बोट चावलं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं आणि बोट चावलं की दोष उतरतो, हे मला काकींनी नंतर सांगितलं. पडवळ तरीही कुजलं. पुढचे तीन दिवस काका माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

काळजी करणं हा त्यांचा पिंडच होता. नोकरीत असताना म्हणे गाडी सुटायच्या आधी ते प्रत्येक चाकाला लाथ मारून बघायचे आणि कंडक्टरनं घंटी दिल्यावर पुन्हा खाली उतरून उरलेली लाथ मारायचे. ऊन पडलं तर वेल करपेल, पाऊस पडला तर मुळं कुजतील, दोन्ही नसलं तर काहीतरी नक्की शिजतंय. "आता कसा होतला?" हे वाक्य ते सकाळी चहाआधी एकदा आणि नंतर एकदा म्हणायचे. काकी मात्र निवांत. "तुमी गप बसा. येलाक त्येचा म्हायत आसा," असं म्हणून त्या भाकरी थापायला घ्यायच्या. परसातला तांबडा भोपळा त्यांच्या माहेरचा, आंबोलीकडचा. लग्नात त्यांनी पदराच्या गाठीला बिया बांधून आणल्या होत्या. खोल शिरांचा, आतून केशरी आणि असा गोड, की भाजीत गूळ घालायची गरज नाही.

मी वाडीत आल्याच्या दुसऱ्या वर्षी काकी गेल्या. आजार लांबला होता. शेवटच्या आठवड्यात त्या काकांना एवढंच म्हणाल्या, "बियाणा राखा." मी तिथंच बसले होते. संसारातलं एवढं सगळं सोडून त्यांनी बियाण्याची आठवण का केली, याचा विचार मी पुष्कळ केला. बहुतेक त्यांना नवऱ्याला काहीतरी काम देऊन जायचं होतं. पण असल्या माणसाला असलं काम देऊ नये. काकांची झोप उडाली ती तेव्हापासून.

पुढच्या पावसात भोपळे धरले ते कुजले. डब्यात ठेवलेल्या बियांना कीड लागली. धड अशा पाच बिया हाती लागल्या. काकांनी त्या राखेत घोळवून लावल्या आणि त्यातली एक उगवली. एक! "ह्या गेला तर संपला," काका म्हणाले. "वर जाऊन मी तिका काय सांगू?" हे ते गमतीनं म्हणत नव्हते.

वेल मांडवावर चढली. आधी नुसती लांब देठाची नर फुलं आली आणि गळून गेली. तेव्हा काकांनी दोन दिवस जेवण टाकलं. मग बुडाशी सुपारीएवढा गोळा असलेल्या कळ्या दिसल्या. हीच मादी फुलं, हेच भोपळे. काकांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांची भीती दुप्पट झाली. रस्त्यानं जाणारे येणारे बघतील, नजर लावतील, एखादं पोर बोट दाखवील. त्यांनी काकींचं एक जुनं लुगडं काढलं, त्याच्या पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी ओवली आणि संध्याकाळी प्रत्येक कळी गोळ्यासकट पिशवीत घालून बांधून टाकली. तीन दिवसांनी पिशवी सोडली, तर गोळा पिवळा पडून देठाशी सुटलेला. मग त्यांनी दुहेरी कापडाच्या पिशव्या शिवल्या. एकामागून एक सहा गळले. प्रत्येक गोळा ते तुळशीपाशी पुरायचे.

मी काय करत होते? मी नाड्या बांधायला मदत करत होते. सातवीच्या मुलांना फळ्यावर फुलाचं चित्र काढून परागकण कसे जातात, कोण नेतं, हे दरवर्षी शिकवणारी मी! शिकवणं शाळेत ठेवून घरी यायची सवय लागली की असं होतं.

अशातच काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. कुडाळला लेकीकडे चार दिवस राहायचं होतं. निघताना त्यांनी मला वेलीपाशी उभं केलं. "सगळ्या कळ्यांका पिशयी बांध हां बाय. एकय उघडी रवता नये." मी शपथ घ्यायची तेवढी बाकी ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेत बैठक लांबली, वर पाऊस. घाईघाईनं मी पिशव्या बांधल्या आणि सकाळी बघते तर गडग्याच्या दगडी कुंपणाकडे एक फूल टक्क उघडं, पिवळंधमक, आणि आत एक भुंगा लोळतोय. छत्रीनं मी त्याला हुसकावलं. तो नर फुलावर जाऊन पुन्हा तिथंच आला. तेवढ्यात फोन. "एकय उघडी नाय मां?" मी म्हणाले, "नाही काका." वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी भोपळ्यावरून खोटं बोलले.

काका काळा चष्मा लावून परत आले, तेव्हा पिशव्यांतले दोन गोळे पिवळे पडले होते आणि उघडा राहिलेला लिंबाएवढा झाला होता. काका त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "ह्येची पिशयी बरी बांधलंस हां तू," ते म्हणाले. मला रात्री झोप लागली नाही. भुंगा डोळ्यांसमोरून जाईना. नर फुलावरून मादी फुलावर. मी स्वतः रंगीत खडूनं काढते तो बाण. भोपळा नजरेनं गळत नव्हता. आम्ही फुलाला दार लावून घेतलं होतं. हे काकांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं, याची मला धास्ती पडली. सांगितलं नसतं तर उरलेल्या कळ्याही गेल्या असत्या. तो एक गोळा मुठीएवढा होईपर्यंत मी गप्प राहिले, हा माझा भित्रेपणा. आणखी एक कळी तेवढ्यात गळाली, ती माझ्या हिशेबी.

शेवटी सांगितलं. काका पायरीवर बसून ऐकत होते. मग चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे सगळे मियाच मारलंय गो?"

मी म्हणाले, "दोघांनी मिळून, काका."

ते उठले आणि उरलेल्या पिशव्या सोडायला लागले. नाडीची गाठ सुटेना, तर दातांनी सोडली. सोडलेल्या पिशव्या त्यांनी घड्या घालून खिशात ठेवल्या, काकींच्या लुगड्याचा तुकडा ना तो. मला भीती वाटली, एखादी कळी त्यांच्याच हातून तुटेल. मी मध्ये पडले नाही.

पुढे पावसाची झड लागली आणि भुंगे फिरकेनात. तेव्हा मी त्यांना नर फूल खुडून, पाकळ्या काढून, आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायला शिकवलं. काका फुलावर छत्री धरायचे आणि स्वतः भिजायचे. "मी भटजी, तू करवली," असं एकदाच म्हणाले आणि त्या पावसाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. लगेच विचारलंच, "पण भटजीचोच हात जड पडलो तर?" एकूण तीन भोपळे धरले. गणपतीनंतर देठ सुकून लाकडासारखे होईपर्यंत त्यांनी एकालाही हात लावू दिला नाही. खाली काथ्याची चुंबळ, बाजूला उंदराचा पिंजरा.

बिया निघाल्या भरपूर. मला वाटलं, आता तिजोरीच आणतील. पण काकांनी दहा-दहा बियांच्या पुड्या केल्या आणि वाडीतल्या नऊ घरी स्वतः जाऊन दिल्या. "एकाच घरात ठेयलंय म्हणान ही येळ इली," ते म्हणाले. त्यामुळे त्यांची काळजी कमी झाली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं काका पाहिले नाहीत. पुढचे दोन पावसाळे ते रोज सकाळी नऊ घरांच्या परसांतून हिंडत, नर फुलं उमलली का बघत, झोपलेल्या माणसांना उठवून छत्री धरायला लावत. लोक चिडायचे आणि चहाही द्यायचे. त्यानंतरच्या माघात ते इस्पितळात होते. मला बघून म्हणाले, "मांडवाचे वासे कुजलेत, सगळ्यांका सांग. पावसाआधी बदलूक व्हये." तिसऱ्या दिवशी गेले.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या भाद्रपदात पितृपक्षातला त्यांचा पहिला म्हाळ होता. मुलगा विश्वास पितरांच्या जेवणासाठी मुंबईहून आला. आदल्या दिवशी मला म्हणाला, "मॅडम, भाजीला तांबडा भोपळा लागतो. मालवणच्या बाजारात मिळेल ना?" मी "बघू" म्हटलं. खरं सांगायचं तर वाडीतल्या वेलींचा मलाही भरवसा नव्हता. पाऊस बेभरवशाचा होता आणि सकाळी उठवणारं कुणी नव्हतं. आठ वाजता विश्वास दार उघडून बाहेर आला, तर ओटीवर सात भोपळे मांडलेले. कुणी कधी ठेवले ते दिसलं नाही. खोल शिरांचे, अजून माती चिकटलेले.

आमच्याकडे भोपळ्यावर पहिला घाव बाईमाणसानं घालायचा नसतो. विश्वासनं सगळ्यात लहान भोपळा पुढं ओढला आणि कोयता हातात घेतला. एका घावात दोन फाका झाल्या आणि तो लगेच भाजीसाठी तुकडे करू लागला. मी त्याचा हात धरला.

"थांब," म्हटलं. "आधी बिया."