माघारीचा लाडू

डोंगर न चढण्यासाठी क्रॉयडनहून पाचशे मैल गाडी हाकणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये एकच होता: माझ्या ताईचा नवरा. दाजी दर हिवाळ्यात आम्हाला हौसेनं स्कॉटलंडला न्यायचे आणि निम्म्या वेळा शिखर न गाठताच परत आणायचे. लोक सकाळी उठून राशिभविष्य वाचतात, हे हिमस्खलनाचा फोरकास्ट वाचायचे. जुलैत तो बंद असला, की मागच्या जानेवारीतला. डोंगरावर बर्फात खड्डा खणायचे, थर बोटांनी चाचपायचे, वर फावडं ठेवून टपटप मारायचे, आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. "वरचा थर खालच्याशी बोलत नाही," असं गंभीरपणे सांगून पाठ फिरवायचे. भाचीच्या वाढदिवसाला त्यांनी केकवरही तशीच टपटप केली, "हा वरचा मजला घसरणार" म्हणाले, आणि तो ताईच्या नव्या साडीवर घसरला.

त्यांचा एक कायदा होता. धोक्याच्या उताराआधी थांबायचं, आणि एकानं जरी "परत" म्हटलं तरी सगळे परत. कारण विचारायचं नाही. उलट, म्हणणाऱ्याला ताईनं दिलेला बेसनाचा लाडू. "भित्र्याला बक्षीस असलं की माणूस खरं बोलतो," दाजी म्हणायचे. लाडू बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला यायचा, आणि दाजींची चेष्टा हा तर माझा मेव्हणेपणाचा हक्क.

त्या शेवटच्या फेब्रुवारीत आम्ही दोघंच होतो. वाऱ्यानं पलीकडचा बर्फ आणून आमच्या उतारावर रचला होता. दाजींनी खणून पाहिलं, टपटप केली, म्हणाले, "परत." शिखर समोर दिसत होतं. मी म्हणालो, "तीन वर्षं हेच चाललंय. दाजी, तुम्ही डोंगरावर येता ते फक्त लाडवासाठी!"

ते हसले. खिशातला लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "घ्या मेव्हणे, आज तुम्ही जिंकलात." आणि पुढे झाले. वीसेक पावलं गेले असतील. मग गादीवरची चादर ओढावी तसा तो उतारच निघून गेला. कधीतरी मी मूठ उघडली, तेव्हा तिच्यात लाडवाचा चुरा होता.

ताईला मी एवढंच सांगितलं, की अचानक झालं. सहा वर्षं ती विचारत राहिली, "जन्मभर दुसऱ्यांना मागं फिरवलं, आणि त्या दिवशी ह्यांनाच कसं कळलं नाही रे?" मी चहाच्या कपात बघत बसायचो.

गेल्या रविवारी सांगितलं. सगळं, माझ्या वाक्यासकट. ताईनं दोनच गोष्टी विचारल्या.

"परत म्हणाले होते?"

"हो."

"खणून बघितलं होतं?"

"हो, ताई."

"तू जा आता," ती म्हणाली.

दारापर्यंत आली नाही. मी पॅसेजमध्ये बूट घालत होतो, तेव्हा आतून तिचा आवाज आला. केंब्रिजला भाचीला फोन लावला होता. आवाज रडवेला होता, पण त्यात कित्येक वर्षांनी जुना तोरा होता.

"अगं, बाबांना कळलं होतं."