आमचा चौथा गडी, अंबादासअण्णा

गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला अंबादासअण्णांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला आणि मी तोंड सोडलं. तीन दिवस माणूस गायब, फोन लावावा तर बंद, सीझन संपत आलेला आणि आम्ही तिघं चौथ्यावाचून मार खातोय... मी त्यांना डावात ओढलं आणि हेडफोन कानाला लागायच्या आत सुरू झाले. "काय हो अण्णा, लग्नाला गेला होता का कुणाच्या? दुसरा गडी बघू का तुमच्या जागी? रांग लागलीय म्हटलं दाराशी!" पलीकडून एका बाईचा आवाज आला, अगदी बारीक. "शैलाताई का? मी पद्मा, अण्णांची मुलगी. फोन आज चार्ज केला. तुमचं नाव यात सापडेना, मग हे उघडलं... अण्णा गेले हो ताई. सोमवारी सकाळी चपला घालता घालता खाली बसले, ते बसलेच." इरफान आणि गणेश दोघंही ऐकत होते. खेळ आपला सुरू व्हायचे उलटे आकडे मोजत राहिला आणि आम्ही त्याला मोजू दिलं. माझा नंबर त्यांनी 'कॅप्टन' म्हणून ठेवला होता, हे नंतर कळलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोनवर शंभर माणसं एका बेटावर उतरतात, चौघाचौघांच्या टोळ्या करून. बंदुका शोधायच्या, दुसऱ्याला मारायचं, आपण मरायचं नाही, शेवटी जी टोळी उरेल ती जिंकली. पोराटोरांचा खेळ म्हणून लोक नाक मुरडतात. मी सदतीस वर्षांची बाई, भवानी पेठेत शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम चालवते, आठ बायका मशीनवर बसतात. साडेसहाला कुलूप लावलं की दीड तास मी बंदूक चालवते. आई कन्नडमध्ये 'हुच्ची' म्हणते, म्हणजे येडी. म्हणू दे. माझ्या टोळीत मोटार रिवाइंडिंग करणारा इरफान, करकंबला केळीची बाग सांभाळणारा गणेश, आणि यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर असलेले अंबादासअण्णा. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. माग बिघडला की त्याला हाक मारायची. वय अठ्ठावन्न. खेळातलं सरासरी पोरगं त्यांच्या नातवाच्या वयाचं असेल.

ओळख झाली तीसुद्धा मागामुळेच. तीन वर्षांपूर्वी खेळानं आपल्या मनानं एक अनोळखी माणूस माझ्या टोळीत टाकला, आणि त्याच्या माइकमधून खटक-खटक, खटक-खटक असा आवाज यायला लागला. सोलापूरच्या माणसाला हा आवाज सांगावा लागत नाही, मागावर धोटा इकडून तिकडे पळतो त्याचा. मी म्हटलं, "काय हो, धोटा चालू ठेवून गोळ्या झाडताय का?" तर पलीकडून हसून, "जेवणाची सुट्टी हाय ताई. शेडच्या पायरीवर बसलोय." त्या काळात त्यांचे माग आठवड्याचे तीनच दिवस चालत होते. रिकाम्या हातांचं करायचं काय म्हणून पद्मानं हा खेळ लावून दिला, आणि अण्णा त्यात असे गुंतले की विचारू नका. खेळायच्या आधी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचे. अंगठे सरकावेत म्हणून त्यांना कॅरमची पावडर लावायचे. घरचं बोलणं तेलुगू, त्यामुळे ऐन गोळीबारात तोंडून "आगु! आगु!" निघायचं. आगु म्हणजे थांब. थोड्या दिवसांत करकंबचा गणेशसुद्धा "आवो, आगु की जरा!" म्हणायला लागला.

पण खरं बोलायचं तर अण्णा आम्हाला जड व्हायला लागले होते. ह्या खेळात दर दोन महिन्यांनी नवा सीझन येतो, सगळ्यांचा हुद्दा एक पायरी खाली येतो आणि पुन्हा चढावं लागतं. नव्या बंदुका येतात, नवी पोरं येतात. घसरत, उड्या मारत, वळता वळता गोळी घालून जातात, आणि अण्णांचा अंगठा तोवर निम्म्या वाटेवर असतो. आमच्यात पहिले मरायचे ते तेच. त्यात भर म्हणजे पावलं. शत्रू जवळ आला की त्याची पावलं वाजतात, डावीकडून की उजवीकडून तेही कळतं, आणि चांगला खेळाडू डोळ्यांपेक्षा कानावर खेळतो. अण्णांच्या पाठीमागे माणूस येऊन उभा राहिला तरी यांना पत्ता नाही. मी ओरडायची, "पावलं ऐका अण्णा, पावलं! बहिरे आहात का?" ते शांतपणे म्हणायचे, "व्हय ताई." मला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय.

शेवटी मी ठरवलं. आम्हाला एका ऑनलाइन स्पर्धेत उतरायचं होतं आणि त्यासाठी डायमंडचा हुद्दा लागत होता. अक्कलकोटचा एक खेळाडू यायला तयार होता, हात असे की बघत राहावं. फोनवर काढून टाकणं बरं दिसत नाही, माणूस वयानं मोठा, म्हणून शनिवारी दुपारी मीच त्यांच्या कारखान्यात गेले. जन्म सोलापुरात गेला, पण चालत्या शेडमध्ये पाय ठेवायची ती पहिलीच वेळ. तीस माग एकदम चालतात तेव्हा आवाज कानात नाही, छातीत शिरतो. अण्णा लांब दुसऱ्या टोकाला होते, हात मागे बांधून चालत होते. मी दाराशीच थांबले आणि धीर यावा म्हणून इरफानला फोन लावला. त्याला काही ऐकू येत नव्हतं, मला त्याचं ऐकू येत नव्हतं, तरी मी बोलत होते. "आलेय मी. सांगून टाकते आता. म्हातारा बुडवतोय रे आपल्याला, किती दिवस सांभाळायचं?" त्या गदारोळात माझं मलाच ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला काय येणार! एवढ्यात लक्ष गेलं. मागावरची एक बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या पलीकडचा माणूसही. आणि सगळ्यात शेवटी उभे असलेले अण्णा. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आयुष्यभर ह्या आवाजात काम करणारी माणसं कानानं नाही, ओठांवरून ऐकतात. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा आले ते काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. पण येता येता मध्येच थांबले, वळले, चार माग ओलांडून एका मागापाशी गेले, तो बंद केला, वाकून एक धागा जोडला आणि माग पुन्हा चालू केला. तीन-चार हजार धाग्यांतला एक. तोही बारा-पंधरा फुटांवरून, चालता चालता! मी तोंडात बोट घातलं. बाहेर टपरीवर त्यांनी दोन कट चहा सांगितले. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. खोटं काय बोलला तुमी? बुडवतोच की मी." मी विचारलं, "अण्णा, तो धागा तुम्हाला दिसला कसा?" ते हसले. "तुटलेला धागा दिसत नसतो ताई. त्याची रिकामी जागा दिसते. सगळं सारखं चाललेलं असतं आणि एका ठिकाणी काय तरी बिघडलेलं असतं. ते बघायचं." मग चहाचा ग्लास खाली ठेवला. "माझं चुकलं कुटं माहीत हाय का? मी पोरांसारखं पळायला गेलो. हात गेले ताई, ते काय परत येत न्हाईत. डोळे हायत अजून. मला पंधरा दिवस द्या. सोळाव्या दिवशी तुमी म्हणाल तसं." अठ्ठावन्न वर्षांचा माणूस माझ्यापुढे पंधरा दिवस मागत होता, एका खेळातल्या जागेसाठी. लोक हसतील. मला हसू आलं नाही. ती जागा त्यांना किती हवी होती ते मी समोर बघत होते. कान गेलेले, बोटं गेलेली, माग कधी बंद पडतील याचा नेम नाही. अजून आपण चौघांत धरले जातो, एवढं एकच त्यांच्या हातात राहिलं होतं.

पंधरा दिवस त्यांनी काय केलं ते पद्मानं मला पुढे सांगितलं. पहाटे उठून, पाळीला जायच्या आधी, ते सरावाच्या रिकाम्या बेटावर एकटेच फिरायचे. गोळी झाडायची नाही, पळायचं नाही. फक्त बघायचं. कुठलं दार मुळात बंद असतं, कुठली खिडकी उघडी, कुठल्या उतारावर गवत किती उंच. सगळं बेट त्यांनी पाठ केलं, कापडाचा नमुना पाठ करावा तसं. आणि मग संध्याकाळी आमच्या कानात त्यांचा आवाज यायला लागला. "ताई, ते दार मगाशी बंद होतं." "इरफान, टाकीमागं जाऊ नको, आगु." इरफान पहिल्यांदा वैतागला, मग दोनदा वाचला, मग म्हणाला, "अण्णा, तुमे आदमी हैं की दुर्बीण?"

पंधराव्या दिवसाचा डाव मी मरेपर्यंत विसरणार नाही. गणेश आणि इरफान गारद झाले होते, उरलो मी आणि अण्णा. समोर दोघं होते, पण कुठं ते माहीत नाही. डाव पुढे सरकेल तशी खेळ बेटावरची जागा आवळत नेतो, ती एका शेताएवढी राहिलेली. मला पळायची घाई. "आगु," अण्णा म्हणाले. मी शिवी घातली, खोटं कशाला बोलू. "आगु ताई." श्वास घेतल्याचंही ऐकू येईल इतकी शांतता... आणि मग, "दगडाच्या डावीकडं. तिथलं गवत उंच असतंय. आता दबलंय." मला काही दिसत नव्हतं. नुसतं गवत! मेल्यावरही पडद्यावर आमचा डाव बघत बसलेला गणेश म्हणाला, "मला बी काय दिसंना, पन हाना ताई!" मी त्या गवतावर सगळ्या गोळ्या रिकाम्या केल्या आणि गवतातून माणूस उठून कोसळला. दुसरा बिथरून पळाला, तो मला आयताच सापडला. जिंकलो! इरफान ओरडत होता, गणेश करकंबात नाचत असणार. शेवटी खेळ प्रत्येकाचा हिशोब दाखवतो, त्यात अण्णांच्या नावापुढे झाडलेल्या गोळ्या शून्य होत्या. त्यांनी नुसतं बघून डाव जिंकला होता. अक्कलकोटवाल्याला मी त्याच संध्याकाळी 'नको' म्हणून कळवलं.

स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, ते सोडा. पण त्यानंतर दोन वर्षं अण्णा आमच्यात राहिले आणि दर सीझनला डायमंडला पोचले. सोपं गेलं नाही. एकदा खेळवाल्यांनी बेटच बदललं, गावं हलवली, गवत कापलं. आम्ही चरफडलो. अण्णा म्हणाले, "बीमवरचा धागा संपला की नवा बीम चढवायचा. रडून काय माग चालतोय?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रिकाम्या बेटावर पहिल्यापासून फिरायला लागले. मी माझ्या वयाच्या माणसांना दोन पराभवांत फोन फेकताना पाहिलंय. मीही फेकलाय. ह्या माणसापुढे मी मनातल्या मनात किती वेळा हात जोडले, त्यांना कधी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. पद्मानं चहा ठेवला आणि अण्णांचा फोन माझ्या हातात दिला. "ताई, परवा सीझन संपतोय म्हणे. अण्णांचा डायमंड थोडक्यात राहिलाय. तुमी खेळून तेवढा पुरा करता का? त्यांच्या नावावर राहू दे." नाही कसं म्हणणार! मी खेळ उघडला, इरफान आणि गणेशला बोलावलं, आणि बटणं आपल्या सोयीची लावावीत म्हणून सेटिंगमध्ये गेले. आवाजाच्या पट्ट्या बघून थांबले. खेळाचा आवाज शून्य. गोळ्या शून्य, गाड्या शून्य, पावलं शून्य. साथीदारांचा आवाज शंभर. मला वाटलं, चुकून सरकलंय. "तसंच होतं ते," पद्मा म्हणाली. "कान फार गेले होते. एका वेळेला एकच कळायचं. पावलं ऐकली तर ताईंचं ऐकू येत न्हाय, म्हणाले. मग पावलं बंद केली." मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "तुमची टोळी झाली त्या आठवड्यात."

मला रडू फुटलं. पद्मानं पाठीवर हात ठेवला, खरं तर मी तिच्या ठेवायचा. डोळे पुसून मी पट्ट्यांना हात न लावता डाव सुरू केला. बेटावर उतरले आणि घाबरलेच. वारा नाही, पाऊल नाही, काही नाही. इरफान आणि गणेश तेवढे कानात मोठ्यानं बोलत होते. मी बघत होते, अण्णांसारखं बघायचा प्रयत्न करत होते, आणि पाठीमागून कोण आलं ते मला कळलंसुद्धा नाही. पडदा लाल झाला. फोन पद्माच्या हातात परत दिला आणि म्हटलं, "नाही गं, माझ्यानं नाही व्हायचं हे." चार मिनिटं टिकले होते मी. अण्णा तिथं तीन वर्षं टिकले.