ताईंनी न्हाऊ घातलेलं पिल्लू

सकाळी दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते आणि आज ताईंना मांजराबद्दल काय सांगायचं, ते मनाशी ठरवत होते. रोज नवीन काहीतरी रचावं लागायचं. आज सांगणार होते, चिंगी पडद्यावर चढली म्हणून. फोनवरच्या मुलीने ताईंचं पूर्ण नाव घेतलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" असं विचारलं, आणि मी समजले, ताई गेल्या. या गोष्टीला दीड महिना झाला. ती थाप मात्र तशीच तोंडात राहिली आहे...

ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दीर वारल्यावर त्या गोखिवऱ्याला आमच्याकडेच राहायला आल्या. एका ओट्यावर दोन बायका म्हटल्यावर खटके उडायचेच. त्यातून मी फटकळ आणि त्या घुम्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण आमच्या बिल्डिंगमधली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. पाटावर बसून पाय पसरायचे, बाळ पालथं घ्यायचं, खोबरेल तेल जिरवायचं, डाळीचं पीठ चोळायचं, कढत पाणी घालायचं आणि शेवटी ओव्याची धुरी द्यायची. रडणारं पोर त्यांच्या हातून परत यायचं ते झोपूनच.

पाचेक महिन्यांपूर्वी आमचे हे वालीवच्या कारखान्यातून येताना मांजराचं पिल्लू घेऊन आले. चिंध्यांच्या खोक्यात सापडलेलं, जेमतेम महिन्याचं, आखूड करड्या केसांचं, आणि अंगभर मशीनचं काळं ऑइल. मला मांजर आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी म्हटलं, "जिथून आणलंत तिथे उद्या सोडून या." ताई उठल्या आणि पाणी तापत ठेवलं.

अहो, त्या बाईने त्या मुठीएवढ्या जिवाला चक्क बाळाचं न्हाणं घातलं! पायांवर पालथं घेऊन तेल, पीठ, पाणी, धुरी, सगळं साग्रसंगीत. पिल्लू आधी किंचाळलं, मग गप्प झालं. ताई म्हणाल्या, "बघ, झोपलं." झोपलं कसलं! तेल निघालंच नव्हतं, पीठ केसांत अडकून बसलेलं, अंग ओलं. दुपारपर्यंत ते थंडगार पडलं, आणि तेल चाटून जुलाब लागले ते वेगळंच. रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो. ते ताईंवर ओरडलेच. "आजी, हे माणसाचं बाळ नाही. ऑइल काढायला धुतलंत ते समजू शकतो, पण वर परत तेल? आणि ओलं ठेवलं की ही पिल्लं गारठून मरतात. आखूड केसांच्या पिल्लाला एरवी आंघोळ लागतच नाही. ते स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं. तुम्ही फक्त मऊ ब्रश फिरवा. मळलंच तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा."

येताना ताई रिक्षात रडल्या. "इतकी पोरं न्हाणली गं लता, कधी एकाला सर्दी झाली नाही. आणि हे माझ्या हातून मरत होतं." मी तर त्याला सोडून या म्हणाले होते.

पिल्लू जगलं. त्याची चिंगी झाली. ताईंनी बाळांच्या जावळाला वापरायचा मऊ ब्रश काढला आणि रोज दुपारी चिंगीला मांडीवर घेऊन बसायला लागल्या. मानेकडून शेपटीकडे, कधीही उलटा नाही. पोटावर अगदी हलकेच. कानाचा फक्त बाहेरचा भाग, ओल्या कापसाने. केसांत काळे कण दिसले की ओल्या पांढऱ्या कापसावर दाबून बघायच्या, लाल उतरलं तर पिसवा आहेत म्हणून. मी चिडवायचे, "लग्न जमवताय का तिचं?" तर हसायच्या. घुमी बाई त्या एका अर्ध्या तासात किती बोलायची, देवा! तसं माझ्याशी अकरा वर्षांत बोलल्या नव्हत्या.

दोन-अडीच महिन्यांनी त्यांचा दमा उसळला. दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, घरात केसाळ जनावर नको. मी त्याच दिवशी चिंगीला कळंबच्या पार्वतीला देऊन टाकलं. पार्वती आमच्या गेटवर मासे विकते. ताईंना विचारलं नाही. खरं सांगते, डॉक्टरांचं बोलणं मला सोयीचं पडलं. ताईंना मात्र सांगितलं, चिंगी घरीच आहे, मजेत आहे. रोज संध्याकाळी नाकाची नळी बाजूला करून त्या विचारायच्या, "ब्रश फिरवलास?" आणि मी म्हणायचे, "हो तर." असे तीन आठवडे गेले.

परवा एकदाची कळंबला गेले. काय म्हणून गेले ते मलाही ठाऊक नाही. पार्वती अंगणात चिंगीला ब्रश करत होती, मानेकडून शेपटीकडे. मी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोन शिकवनार? मोठ्या वयनींनी. तब्येत विचाराया मी फोन केला, तर मागं ही वरडली. वयनींनी आवाज वळखला. मंग रोज दुपारी त्यांचा फोन. पानी लावू नको, उलटा फिरवू नको... आनि म्हनाल्या, लताला बोलू नको, तिला वाईट वाटंल."

"कधीपासून?"

"तुमी दिली त्याच्या दुसऱ्याच दिसापासून."

म्हणजे रोज दुपारी त्या पार्वतीला विचारत होत्या आणि रोज संध्याकाळी माझं खोटं ऐकून घेत होत्या. मला खरं बोलायला वाव देत होत्या, की मला सांभाळून घेत होत्या? आता कोणाला विचारू?

चिंगी माझ्याजवळ आली नाही. पार्वतीनेच उचलून मांडीवर दिली. मी पाठीवरून हात फिरवला. केस दाट, गुळगुळीत, चांगलेच चमकदार. "पिल्लाची लव झडली सगळी," पार्वती म्हणाली, "हे नवं आलंय."

ताईंनी जिच्यावर हात फिरवला ती लव गेली होती. हे केस त्यांनी पाहिलेच नाहीत, आणि त्यांना दाखवायचं मीच राहू दिलं.