वडिलांना मी बसवलं

आमच्या पासली गावातली जुनी माणसं अजून सांगतात की मी वडिलांची फार सेवा केली, शेवटच्या वर्षी त्यांचा पाय जमिनीला लागू दिला नाही. हे खरं आहे. म्हणूनच ते नीट लिहून ठेवतो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. वडिलांना जुना दमा होता. तरी ते रोज गुरांमागं चढावर जायचे. वाटेतल्या ठरलेल्या दगडांवर बसायचे, ओठ मिटत आणून सावकाश श्वास सोडायचे आणि दम बसला की पुन्हा उठायचे. त्यांच्या छातीतली ती शीळ खाली शेतात ऐकू येई. ती थांबली की मी हातातलं काम टाकून वर बघत राही. ते बसलेत की गेलेत, हे इतक्या लांबून कळत नसे.

एकदा बैलांना पाणी पाजताना शेजारच्या आत्यांनी सगळ्यांदेखत मला धरलं. "काय रं, बाच्या छातीचा भाता झालाय आन् तू त्येला गुरामागं धाडतोस? बायकू आणलीस ती काय पाटावर बसवायला?"

बायका हसल्या. माझे कान तापले. भोरच्या डॉक्टरांनीही आराम सांगितला होता. संध्याकाळी मी वडिलांची काठी वर वाशात खोचली आणि त्यांचं घोंगडं चुलीशेजारी अंथरलं. दमेकऱ्याच्या छातीला ऊब हवी, असं सगळेच मानत.

"बा, आता तुमी बसायचं."

"बसून करू काय? चूल फुकू? तेवढा वारा छातीत असता तर रडलो कशाला असतो?"

मी हसलो, पण काठी दिली नाही. पावसाळाभर ओली लाकडं धुमसत राहिली, ते खोकत राहिले आणि मी त्यांना चुलीच्या आणखी जवळ सरकवत राहिलो. दारापर्यंत आले तरी मी ओरडे. हळूहळू ते उठायचे बंद झाले. आत्या म्हणाल्या, "आता कसा ल्योक शोभतोस!" मला बरं वाटलं.

वैशाखात राब भाजायची वेळ आली. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात, तो राब. आमचं घर खोलगटात. सगळ्यांचे राब एका सकाळी पेटले की धूर तिथंच साचे. त्या दिवशी वडील दरवर्षी उजाडताच एकटे निघत, दगडादगडावर बसत वरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर पोचत आणि धूर निवळल्यावर उतरत. त्या वर्षी हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मी आमचा राब पेटवला आणि वळून पाहिलं, तर घर दिसेना.

धावत आत शिरलो. वडील दोन्ही हात भुईला टेकून बसले होते. ओठ निळे पडले होते. मी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि चढ धरला. त्यांचा श्वास माझ्या कानाशी वाजत होता. मध्येच तो थांबे आणि मी मान वळवून बघे. निम्म्यावर मीच कोसळलो. धूर मागून वर सरकत होता.

"बा, जरा चाला. त्या दगडापातुर."

माझ्या खांद्याला धरून ते उठले. गुडघे कापले, खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी आपल्या पोटऱ्या चाचपल्या. पोटऱ्या उरल्याच नव्हत्या.

"माजं पाय कुठं गेलं रं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. ते घाबरले होते. दम लागूनही त्यांना असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

वारा फिरला, म्हणून त्या दिवशी निभावलं.

दुसऱ्या सकाळी ते म्हणाले, "मला धर. अंगणात जाऊ." मी धरलं. थोडं चाललो आणि ती शीळ सुरू झाली. आत्या कुंपणापाशी थांबल्या.

"आरं, आता आनिक कशाला छळतोस त्येला?"

"माज्या मनानं चालतोय मी," वडील धापा टाकत म्हणाले.

बसवून बसवून त्यांचे पाय मीच घालवले, हे आदल्या दिवशी चढावर मला कळलं होतं. पण ते माझ्या हातात जातील, तेही लोकांदेखत, ही भीती त्या कळण्याहून मोठी ठरली. मी त्यांना उचललं आणि आत नेऊन बसवलं. त्यांनी मला पुन्हा कधी 'धर' म्हटलं नाही. भाताची लावणी व्हायच्या आत ते गेले.