वहीतली अकरा नावं

"आधी ठिकाण सांगा, रडायचं मागून."

वैजिनाथअप्पांचं हे वाक्य मोरदरीत ज्याला त्याला पाठ होतं. लग्नाच्या पंगतीत कुणी मीठ मागताना फार वेळ लावला, तर शेजारचा म्हणायचा, "आधी ठिकाण सांगा, रडायचं मागून," आणि सगळी पंगत हसायची. अप्पाही हसायचे. त्यात त्यांना थोडा अभिमानच होता.

मांजरसुंब्याचा फाटा सोडून आत डोंगराकडं वळलं की तासाभराच्या कच्च्या वाटेवर मोरदरी लागते. गाव लहान, पण त्याच्या वस्त्या डोंगरभर विखुरलेल्या. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला अडली, तर बाजेवर घालून फाट्यापर्यंत आणायचं, हीच जुनी रीत. सहा वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून एक जुनी जीप घेतली, तिच्यात बाज बसवली, नारायणगडावर नेऊन नारळ फोडला, आणि राजेश्वर नावाच्या गड्याला चालवायला बसवलं. राहिला प्रश्न फोनचा. गाडी बोलवायचा नंबर कुणाकडं ठेवायचा? दिवसभर एका जागी बसणारा, दारू न पिणारा आणि सगळ्या वाटा माहीत असणारा माणूस गावात एकच होता. चौकातले दुकानदार वैजिनाथअप्पा.

अप्पांचं दुकान किराण्याचं, पण किराण्याहून दोरखंड जास्त. बैलांच्या वेसणी, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, कोकरं बांधायची दावी. कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग सदऱ्याआड सारून अप्पा सकाळी सातला गादीवर बसत, ते दिवे लागल्यावर उठत. तराजूशेजारी लाकडी ठोकळ्यावर तो फोन उभा असायचा. वाजला की अप्पा गिऱ्हाईकाची पुडी तशीच ठेवून आधी फोन घेत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "साखर पळून जात न्हाई. माणूस जातो."

गाववस्तीचं सोपं होतं, घरं जागा सोडत नाहीत. अवघड होते मेंढके. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मोरदरीच्या शिवारात उतरत. वाडा म्हणजे मेंढ्या, जाळी, चार भांडी आणि एक घोडं. आज याच्या रानात, चार दिवसांनी त्याच्या. रात्री मेंढ्या बसवल्या की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी बोलावून नेतात. अशा हलत्या घराचं ठिकाण सांगायचं तरी कसं? अप्पांनी तोड काढली. दर हलवाहलवीला मेंढक्यानं फोन करून सांगायचं, की मी अमका, आज अमक्याच्या रानात आहे. अप्पा ते वहीत लिहून घेत. डावीकडं मेंढक्याचं नाव शाईनं, उजवीकडं रान शिसपेन्सिलीनं, म्हणजे खोडून बदलता येईल. त्या साली अकरा वाडे होते. वहीत अकरा नावं होती. अप्पा ती वही आल्यागेल्याला दाखवत. बघणारे मान डोलावत.

आणखी एक नियम अप्पांनी घातला होता. ठिकाण पक्कं कळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्याला कारण घडलं होतं. पहिल्याच साली एका बाईनं फोनवर नुसता हंबरडा फोडला, अप्पांनी घाबरून गाडी पूर्वेच्या दरीत पिटाळली, आणि बाळंतीण होती पश्चिमेला. बिचारी बैलगाडीतच मोकळी झाली. दोघं जगली, बारशाला अप्पांना बोलावणंही आलं, पण तिथं एका म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "अप्पा, आज तरी घर बरुबर सापडलं का?" ते अप्पांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. दुपारची वेळ. राजेश्वर दुकानाच्या पायरीवर भाकरी खाऊन नुकताच टेकला होता. फोन वाजला.

"हालो, आमच्या यांना पान लागलंय."

साप चावला असं डोंगरात कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. अप्पांनी वही उघडली. राजेश्वरनं चावी हातात घेतली.

"आधी ठिकाण सांगा बाई."

"माळाला हाय. वाड्यावर. जाळी गुंडाळताना लागलं. लवकर धाडा गाडी."

"कुणाचा वाडा?"

"आमचा."

"अहो आमचा म्हंजी कुणाचा? मालकाचं नाव काय?"

"जीवनची आय बोलते म्या."

अप्पांनी बोट वरून खाली फिरवलं. जीवन नावाचा मेंढका वहीत नव्हता. "जीवन न्हाई माझ्याकडं. वाडा कुणाच्या नावावर हाय ते सांगा."

"अप्पा, कसं सांगू? त्यांचं नाव म्या कसं घेऊ? आन् आशा वख्ताला?"

"रान कुणाचं हाय मग?"

"कालच उतरलाव. मला काय ठावं कुणाचं? बाभळी हायत. खाली पाणी हाय."

बाभळी आणि पाणी. मोरदरीच्या शिवारात अशी दहा रानं होती. राजेश्वर उठून उभा राहिला. "अप्पा, डोंगराला तीन वाटा फुटत्यात तिथपर्यंत तर नेऊ का गाडी? तवर सांगंल बाई."

"थांब बे. नाव कळू दे." अप्पांचा आवाज चढला. "बाई, नाव सांगा. नाव सांगितल्याबिगर गाडी निघणार न्हाई."

पलीकडून फोन बंद झाला. अप्पांनी लावून पाहिला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

ती बाई, साखराबाई, फोन पदराला बांधून पळत सुटली होती. नवऱ्याची जीभ जड पडली होती, त्याला बोलता येत नव्हतं; त्याचं नाव घेऊ शकेल असा माणूस शोधायला. पोरगा मेंढ्या घेऊन लांब डोंगरावर होता. दोन रानं पलीकडं आश्रुबा मेंढक्याचा वाडा होता, पण तोही मेंढ्यांमागं गेलेला. वाड्यावर त्याची दोन लहानगी आणि एक कुत्रं. ती तशीच माघारी पळत आली. नवऱ्याच्या तोंडाला फेस येऊ लागला होता.

पुन्हा फोन वाजला तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

"सटवा. सटवा नाव हाय त्यांचं. आता तरी धाडा."

वहीत पाचवी ओळ. सटवा, आणि पुढं शिसपेन्सिलीनं, अर्जुनरावांचं रान, बारवेखाली. सटवानं आदल्या संध्याकाळीच फोन करून सांगितलं होतं. गाडी एका मिनिटात निघाली.

दिवे लागायच्या वेळी राजेश्वर परतला. पायरीवर बसून त्यानं टोपी काढली. "दवाखान्याचं फाटक दिसलं आन् गेला. इतकंच ऱ्हायलं व्हतं, अप्पा." त्यानं समोरच्या पिंपळाकडं हात केला. "इथनं त्या पारापत्तुर."

पहिल्या फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत एकोणीस मिनिटं गेली होती.

गावात अप्पांना कुणीच बोल लावला नाही. उलट लोक म्हणाले, अप्पांनी काय करावं, बाईनं नावच सांगितलं नाही. चार दिवस अप्पाही तेच सांगत राहिले. "नाव कळलं आन् मिनिटात गाडी सोडली. विचारा राजेश्वरला." राजेश्वर मान हलवायचा, पण अप्पांकडं बघायचा नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अप्पांची बायको शिवगंगा सुपात ज्वारी घेऊन निवडत बसली होती. अप्पा कुणाला तरी तीच हकिकत सांगून आत आले. ती खाली बघूनच म्हणाली, "वहीत नावं किती होती?"

"अकरा."

"मग वाचून दाखवायची होती की. पाचव्याला बाईनं 'व्हय' म्हटलं असतं."

अप्पा उभ्या जागी थांबले.

"मला एका शब्दानं विचारलं असतं तरी सांगितलं असतं," शिवगंगा म्हणाली. "सदतीस वर्सं झाली, म्या कधी तुमचं नाव घेतलंय का? गॅसवाला विचारतो तवा दुकानाच्या पाटीकडं बोट करते. तो हसतो. हसू दे म्हणते."

ती सूप पाखडायला लागली. अप्पा दुकानात गेले, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी वही उघडली, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि अकराही नावं मोठ्यानं वाचली. बावीस सेकंद लागले. मग त्यांनी ती सावकाश वाचली, दम घेत, जशी रडणाऱ्या बाईला वाचून दाखवावीत तशी. अर्धं मिनिट.

त्या दिवसानंतर गावानं अप्पांच्या तोंडून ती हकिकत ऐकली नाही.

वही त्यांनी नव्यानं लिहिली. प्रत्येक मेंढक्यापुढं त्याच्या कारभारणीचं नाव, पोराचं, पोरीचं, घोड्याचा रंगसुद्धा. राजेश्वरला सांगितलं, फोन वाजला की गाडी तीन वाटांपर्यंत न्यायची, माझी वाट बघायची नाही. सगळं झालं. एकच काम राहिलं आणि ते महिनोन् महिने राहिलं.

झालं असं, की पौषात आश्रुबा दोर घ्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, "साखराबाईचं काय खरं न्हाई, अप्पा. कुणासंगं बोलत न्हाई बगा. म्हणती, म्या नाव घेतलं आन् ते गेले. आमच्या बाया बी तेच म्हणत्यात. नाव घेतलं की आयुष्य तुटतं म्हणं."

अप्पांच्या ओठांवर आलं होतं. नाव घेतल्यानं नव्हे रे, न घेता भागलं असतं, माझ्या अडमुठेपणानं तिला घ्यायला लावलं. एवढं आश्रुबाला सांगितलं असतं तरी दिवस मावळायच्या आत ते तिच्या कानावर गेलं असतं. पण दुकानात आणखी दोन माणसं होती. अप्पांनी दोर हातावर मोजला, गाठ मारली, आणि म्हणाले, "घट वळलाय. दोन साल मरण न्हाई याला."

मग ते मनाशी म्हणू लागले, आपणच जाऊन सांगू. एकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरले. एकदा वाड्याच्या बांधापर्यंत पोचले, तिथून जीवनचं बापाच्या दहाव्याला भादरलेलं, अजून आखूड केसांचं डोकं दिसलं, तो कोकराला पाणी पाजत होता, आणि अप्पांचे पाय वळले. घरी आल्यावर शिवगंगा विचारायची, "सांगितलं?" ते म्हणायचे, "भेट झाली न्हाई." ती ताट वाढायची. दुसरं काही बोलायची नाही, आणि त्या न बोलण्याचंच अप्पांना भय वाटायचं. साठीच्या माणसाला, ज्याच्या शब्दावर गावाची गाडी हलते त्याला, एका मेंढकीपुढं उभं राहायचं भय वाटत होतं.

फाल्गुन लागला. चारा संपला. आश्रुबा उधारी फेडायला आला तेव्हा म्हणाला, "उद्या वाडे उठत्यात. गोदाकाठी जाताव. आता दिवाळीला गाठ." साखराबाईचा वाडा पुढच्या साली इकडं येईल का, असं अप्पांनी विचारलं. आश्रुबा म्हणाला, "हे शिवार डोळ्याला नगं म्हणती ती."

अप्पांनी ठोकळ्यावरचा फोन उचलून शिवगंगाच्या हातात दिला आणि राजेश्वरला म्हणाले, "तीन वाटांपर्यंत सोड."

तिथून ते चालत गेले. वाडा बांधाबांधीत होता. घोड्यावर निम्मी भांडी चढली होती. साखराबाई जाळीची गुंडाळी पायानं दाबून बसली होती. अप्पांना पाहून तिनं पदर पुढं ओढला.

"वळखलं का बाई? मी वैजिनाथ. फोनवाला."

"आवाज वळखला," ती म्हणाली.

अप्पा उभ्यानंच बोलू लागले. वहीत अकरा नावं होती, ती वाचून दाखवली असती तर तुम्हाला नुसतं व्हय म्हणायचं होतं. गाडी दारात होती, डायव्हर निघतो म्हणत होता, मीच अडवली. एकोणीस मिनिटं माझ्यामुळं गेली. "तुमी नाव घेतल्यानं काय झालं न्हाई, बाई. उलट नाव घेतलं म्हणून तर गाडी आली. उशीर माझा हाय."

ती जाळीच्या गाठी बोटांनी चाचपत राहिली.

"अकरा नावं?"

"अकरा."

"हे कवा कळलं तुमाला?"

खोटं बोलता आलं असतं. "पाचव्या दिशी," ते म्हणाले.

"आन् आज फाल्गुन हाय."

"व्हय."

"चार म्हैने म्या सोताला खाल्लं, अप्पा. चार म्हैने." आवाज चढला नव्हता, आणि तो चढला असता तर बरं झालं असतं असं अप्पांना वाटलं. "तुमी इथं बांधापत्तुर आलताव एक डाव. म्या बगितलं. म्हटलं, दोराची उधारी मागाया आले आसतील."

अप्पांनी मान खाली घातली.

"म्या नाव घेतलं तवा ते शुद्धीत व्हते," ती म्हणाली. "माझ्याकडं बगत व्हते. चाळीस सालात पयल्यांदा ऐकलं त्यांनी माझ्या तोंडून. काय वाटलं आसंल त्यांना? राग आला आसंल का?"

अप्पांना सहा वर्षांत फोनवर कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. ते म्हणाले, "मला न्हाई सांगता येत, बाई."

"तुमाला तरी कुठनं ठावं आसणार." तिनं जाळी उचलून घोड्याच्या पाठीवर टाकली. अप्पा हात द्यायला पुढं झाले, तिनं नको म्हणून हात हलवला. "बरं केलं सांगितलं. पण माफ केलं आसं म्या म्हणणार न्हाई. उगा आशेनं थांबू नगा. जावा आता. पल्ला लांब हाय आमचा."

अप्पांनी हात जोडले. ते वळले आणि ढेकळांतून सांभाळत बांधाकडं चालू लागले. मधे एकदा ठेचकाळले, धोतर सावरलं, पण मागं पाहिलं नाही. तीन वाटांवर जीपला टेकून राजेश्वर त्यांच्याकडं बघत होता. आणि वर, बाभळींपाशी, घोड्याची दोरी हातात धरून साखराबाई उभी होती. जीवननं दोनदा हाक मारली, "आय, चल की." अप्पा बांध उतरून दिसेनासे होईपर्यंत ती जागची हलली नाही.